लॉट सदतीस, नापास

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)
९ मार्च २०२५

मिलिंद,

जय भीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.

आई सांगते म्हणून लिहितेय असंही समजू नकोस. आई गेले चौदा महिने रोज सांगते आणि मी रोज ऐकून सोडून देते. काम निघालं आहे म्हणून लिहितेय. फोन करणार नाही. फोनवर आपलं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. मी बोलत सुटते, तू गप्प बसतोस, आणि शेवटी तुझंच बरोबर असल्यासारखं वाटायला लागतं.

तर बातमी अशी की, मोरिवलीला लागून असलेल्या आमच्या तीन शेडच्या कारखान्याला तुमच्या मेहसाण्याच्या तेलाच्या फील्डवर पुन्हा एक संधी मिळाली आहे. तुमच्या कंपनीने सहा जणांचे नमुने मागवलेत. त्यातले पाच मोठे, बाहेरच्या देशांतून माल आणणारे. सहावे आम्ही, अंबरनाथचे. आमच्या मालकांनी, कर्णिक साहेबांनी, पत्र वाचून दाखवलं तेव्हा रामभाऊ ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, आता दाखवूच यांना, आपण काय चीज आहे ते!" मला बरं वाटलं. सत्तावीस वर्षं ज्या लॅबमध्ये घालवली तिचं नाव कुणी घेतलं की मला बरं वाटतं, त्यात लपवायचं काय?

परवा विहारात आई बायकांना सांगत होती, "माझी पोर पानी घट कराची पावडर बनवती." बनूबाईंनी विचारलं, पाणी घट्ट करून करायचं काय? आईने माझ्याकडे पाहिलं. मग मीच सांगितलं की जमिनीखाली तेल काही डबक्यात साठल्यासारखं नसतं, खडकाच्या बारीक भोकांत मुरलेलं असतं. एका विहिरीतून पाणी दाबायचं, म्हणजे ते तेलाला ढकलत दुसऱ्या विहिरीपर्यंत नेतं. पण मिलिंदच्या तिथलं तेल काकवीसारखं जाड. पातळ पाणी त्याला बगल देऊन एकटंच पुढे पळतं. म्हणून हजार लिटरला किलो-दीड किलो आमची पावडर टाकायची. मग पाणी जाड होतं, सावकाश चालतं आणि तेलाला बरोबर घेऊन निघतं. बनूबाई म्हणाल्या, "म्हंजे तरणा गुराखी नको, म्हातारा पायजे. सगळी ढोरं गोळा करून आणनारा." इतकं सोपं मला सत्तावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

आता कामाचं. आम्हाला तुमच्या विहिरीचं ताजं पाणी पाठव. आमच्या नळाला बारवी धरणाचं गोड पाणी. त्यात कुठलीही पावडर टाका, झकास घट्ट होते. खरी परीक्षा तुमच्या खारट पाण्यात. तुला हे मी सांगायला नको. तू बारावीत असताना रविवारी माझ्यामागे लॅबमध्ये येऊन बसायचास, ब्युरेट कसं धरायचं ते तुला मी शिकवलं.

जुनी गोष्ट उकरायची नाही असं ठरवून बसले होते, पण लिहितेच. मागच्या वेळी तुमच्याकडे आलेला आमचा लॉट सदतीस चांगला होता. तुम्ही पाठवलेल्या पाण्यात मी तो स्वतः तपासला. घट्टपणा वीस हवा होता, एकवीस आला. दोनशे लिटरचा ड्रम जिन्यावरून वर लॅबमध्ये चढेना, म्हणून पाणी कॅनमध्ये काढून घेतलं होतं. कॅन मी माझ्या हातांनी धुतले होते. सर्टिफिकेटवर सही माझी. आणि तुझ्याकडे तोच माल चौतीस दाखवतो, तुमच्या चाचणीच्या खडकाच्या कांडीत जाऊन तुंबतो, आणि तू खाली 'नापास' लिहून सही ठोकतोस! त्याआधी साहेबाला लेखी कळवतोस की, माल बनवणाऱ्या लॅबची प्रमुख माझी सख्खी बहीण आहे, तरी चाचणी दुसऱ्या कुणासमोर व्हावी. मी काय तुला लाच देणार होते? नाचता येईना अंगण वाकडं. आधी तुझा घट्टपणा मोजायचा व्हिस्कोमीटर तपासून घे.

कर्णिक साहेबांनी जानेवारीत तुमच्या वरच्या ऑफिसला काही पत्र लिहिलंय म्हणे. त्याबद्दल मला फारसं माहीत नाही.

पाणी लवकर पाठव.

यशोधरा

❖

३० मार्च २०२५

मिलिंद,

जय भीम. पाणी पोचलं.

दहा लिटरचे दहा नवे कोरे कॅन, तोंडापर्यंत भरलेले, सील लावलेले. आत हवेचा बुडबुडा नाही. प्रत्येकावर तुझ्या अक्षरात चिठ्ठी, विहिरीचा नंबर, तारीख, वेळ. आणि त्याखाली लाल शाईने, 'ह्यातूनच थेट वापरावे. दुसऱ्या कॅनमध्ये ओतू नये.' एकदा नाही, दहा वेळा. पत्राला मात्र उत्तर नाही. चार ओळींचंसुद्धा नाही.

ती लाल शाई प्रीतीने वाचली. प्रीती माझ्या हाताखाली आहे, चिखलोलीला राहते, हुशार पोरगी, फक्त तोंड बंद ठेवता येत नाही. म्हणते, "मॅडम, हे सर ना, भारी पर्टिक्युलर दिसतात." मी म्हटलं, पर्टिक्युलर नाही, आगाऊ. माझा धाकटा भाऊ आहे तो.

तुझ्या समाधानासाठी थेट तुझ्या कॅनमधून पाणी घेतलं. सदतीसचा ठेवणीतला नमुना काढला. तुला आठवत असेल, मी पावडर कशी सोडते ते. पाणी आधी फिरतं करायचं, मध्ये भोवरा पडला की त्याच्या काठावर चिमटीने भुरभुरवायचं, पिठलं लावतात तसं. घाई केली की गुठळ्या. माझ्या हातून सत्तावीस वर्षांत गुठळी पडलेली नाही. प्रीतीच्या हातून अजून पडते, तिला मी परत करायला लावते. रात्रभर मुरू दिलं. सकाळी व्हिस्कोमीटर लावला.

चौतीस.

परत लावला. चौतीसच. प्रीती मागे उभी होती. "मॅडम, सरांच्या रिपोर्टमध्ये पण चौतीसच होतं ना?" मी तिला काचेची भांडी धुवायला पाठवलं. ती आधीच धुतलेली होती.

पाणी बदललं असेल. चौदा महिन्यांत विहिरीचं पाणी बदलू शकतं. तुम्ही दुसऱ्या थरातून काढलं असेल. अशी पाच-सहा कारणं मी लगेच वहीत लिहून काढली. एकापेक्षा एक सरस आहेत. तुला वाचायची असतील तर पाठवीन.

आईचे गुडघे दुखतात. बाकी ठीक. आज पाडवा, मी श्रीखंड आणलं. तुझ्या वाटणीचं तिने वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवलंय, मी हात लावलेला नाही.

यशोधरा

❖

१९ एप्रिल २०२५

मिलिंद,

सप्रेम जय भीम.

आईची निळी साडी गेली. तू अहमदाबादहून पाठवलेली, जयंतीसाठी ठेवलेली. म्हणजे साडी आहे, पण तिच्यावर पांढरे डाग पडलेत, ताटाएवढे.

झालं असं. बारा तारखेला नळाला पाणी नव्हतं. आईने माळ्यावरचा कॅन शेजारच्या जितेशकडून खाली काढवला. मागे लॅबसाठी उल्हासनगरच्या कॅम्पातून वापरलेले कॅन आणले होते, त्यातला एक उरला म्हणून मी न धुताच घरी आणून टाकला होता. टाकीतून पाणी भरण्याआधी त्याच्या तळाशी बोटभर काहीतरी राहिलेलं. आई पाण्याचा थेंब वाया घालवत नाही, तुला माहीत आहे. तिने ते सरळ बादलीतल्या साडीवर ओतलं.

मी लॅबमधून आले तर ती मोरीत साडी धरून उभी. "आगं यशू, ह्यात काय व्हतं गं?"

मी कॅनला नाक लावलं. ब्लीच.

मोरीच्या काठावर बसले. ती बिचारी उलट माझीच समजूत घालत होती की साडीचं काय एवढं. चौदाला ती तीच साडी नेसून मिरवणुकीत गेली. म्हणाली, "डाग पडलं म्हनून काय झालं? निळीच हाय ती." सगळ्या हेंद्रेपाड्यातून ताठ मानेने चालली. माझ्याकडे कुणी पाहावं असं मला वाटत नव्हतं.

आता नीट सांगते, क्रमाने. वहीत लिहावं तसं.

२०२३ च्या नोव्हेंबरात ते कॅन मी स्वतः घ्यायला गेले होते, कॅम्प पाचला. दुकानदार शेठ उतारवयाचा, सिंधी, अगदी सरळ माणूस. त्याने आपणहून सांगितलं, "मॅडम, ये जीन्स-वॉशवालों का माल है, ब्लीच था इसमें. पिण्याच्या पाण्याला नेऊ नका हां." मी म्हटलं, पिण्याला नको, लॅबला पाहिजेत. तो म्हणाला, "फिर भी तीन पाणी मारा." मी चार मारले. पहिल्या पत्रात 'माझ्या हातांनी धुतले' असं मोठ्या ऐटीत लिहिलं, ते खरंच आहे. पण शेठ काय बोलला ते लिहिलं नाही. ते मला तेव्हाही आठवत होतं.

जीन्सच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं वापरलेला कॅन. ब्लीच प्लॅस्टिकच्या अंगात मुरतं आणि मग हळूहळू बाहेर येतं. आणि आपल्या पावडरीच्या लांबलचक साखळ्या ब्लीच कात्रीने तोडल्यासारखी तोडतं. हे मी नव्या पोरींना पहिल्याच आठवड्यात शिकवते. दर वर्षी शिकवते, मिलिंद!

पंधराला लॅबमध्ये गेले. त्या जुन्या, धुतलेल्या कॅनपैकी एकात तुझं ताजं पाणी ओतलं, तुझी लाल शाई डोळ्यांसमोर असताना. दोन दिवस ठेवलं. मग लॉट सदतीस दोन्ही पाण्यांत लावला. तुझ्या कॅनमधल्या पाण्यात चौतीस, माझ्या कॅनमधल्या पाण्यात बावीस. प्रीतीने आकडे लिहून घेतले, काही बोलली नाही. तिला तोंड बंद ठेवता येतं असं दिसलं.

मग मी लॉट छत्तीस काढला. तो तुझ्यापर्यंत आलाच नव्हता. तेव्हा माझ्या ब्लीचच्या पाण्यात तो बारा दाखवत होता, म्हणून मीच नापास केला होता. 'मेहसाण्याचं पाणी फार वाईट आहे, साखळ्या अजून लांब करा' असं प्लँटला मीच लिहून दिलं आणि त्यातून सदतीस निघाला. खऱ्या पाण्यात तो गरजेपेक्षा जाड, साखळ्या इतक्या लांब की खडकाच्या भोकांतून जाईनात. तुंबणार नाही तर काय होणार? आणि तो छत्तीस, बिचारा, तुझ्या पाण्यात किती आला माहीत आहे? साडेवीस. आम्ही पहिल्याच फटक्यात अचूक माल बनवला होता. माझ्या कारखान्याने बनवला होता, आणि मी तो फेकला. आधी छाती फुगली आणि लगेच बसली.

नापासचा रिपोर्ट दिलास त्याच संध्याकाळी तू फोन केला होतास. पाच-सहा शब्दच बोललास, "ताई, तुझं पाणी बघ. कॅन बघ." मी फोन ठेवला, आणि त्यानंतर तुझा एकही फोन उचलला नाही.

तू तिथे मेहसाण्यात बसून ओळखलंस आणि मला इथे शेजारी कॅन असून कळलं नाही. की कळून घेतलं नाही, देव जाणे. आपण देव मानत नाही, पण म्हण चांगली आहे.

अजून एक गोष्ट आहे. ती आज लिहवत नाही.

ताई

❖

२२ एप्रिल २०२५

मिलिंद,

ती गोष्ट लिहिते. हे पत्र जपून ठेव, तुझ्या कामाला येईल.

कर्णिक साहेबांच्या जानेवारीच्या पत्राबद्दल मला फारसं माहीत नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. त्या पत्रावर खाली माझी सही आहे.

त्यात लिहिलंय की तपासणारा अधिकारी मिलिंद शंकर ओव्हाळ हा आमच्या लॅब-प्रमुखांचा भाऊ असून दोघांमध्ये कौटुंबिक वैमनस्य आहे, आणि त्या आकसाने त्याने आमचा माल नापास केला. साहेब म्हणाले, "यशोधराबाई, तुम्ही सही केलीत तरच ह्याला वजन येईल. आणि खोटं काय आहे ह्यात? तुम्ही बोलता का एकमेकांशी?" मी म्हटलं, नाही बोलत. आणि सही केली.

बोलत नव्हतो हे खरं. पण ते तुझ्या रिपोर्टनंतरचं. त्याआधी आपल्यात काय वैमनस्य होतं? काही नव्हतं. आदल्या दिवाळीला तू इथेच होतास, आईला घेऊन अंबरनाथला चष्मा करून आणलास. नंतरचं भांडण मी आधीचं म्हणून लिहू दिलं. मी, जी प्रत्येक नळीवर तारीख आणि वेळ घालते!

काल प्रीतीला तुमच्या ऑफिसातून ईमेल आला, कागद मागवणारा. त्यात लिहिलंय, 'श्री. ओव्हाळ यांच्याविरुद्धच्या चौकशीसंदर्भात.' खाली सगळं लिहिलं होतं, तेव्हा मला कळलं की तुझी बढती अडली आहे आणि तुला चाचण्यांवरून बाजूला केलंय. तू मला कळवलं नाहीस. आईलाही नाही. आणि असं असताना तू आम्हाला पाणी पाठवलंस, दहा कॅन, तुझ्या हाताने चिठ्ठ्या लिहून. ते वाचून मी लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन रडले. रामभाऊने पाहिलं. तो मोरिवलीचा जुना माणूस, बाबांना ओळखायचा. काही न विचारता चहा आणून ठेवला.

बाबा काडेपेटीच्या कारखान्यात होते तेव्हा चाळीत सगळ्यांना सांगायचे ते आठवतं? "माज्या पोरीच्या सहीबिगर गेटातून ट्रक सुटत न्हाई." त्यांना स्वतःला सही तेवढी यायची. बाकी अक्षर नाही. ती सही ते पगाराच्या दिवशी अगदी सावकाश, जीभ बाहेर काढून करायचे. त्यांची मुलगी आहे म्हणून मी सहीचा एवढा तोरा मिरवते, आणि त्याच सहीने मी तुझ्या विरोधात खोटं लिहिलं.

आज कर्णिक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दोन्ही लॉटचे आकडे त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हटलं की मी चौकशीत खरं सांगणार आहे.

त्यांनी आकडे बोट ठेवून एकेक वाचले. वाईट माणूस नाही रे तो. बापाने काढलेला कारखाना, चाळीस माणसं त्यावर. म्हणाले, "बाई, आत्ता? दुसऱ्या संधीच्या तोंडावर? ते म्हणतील ज्यांना कॅन धुता येत नाहीत ते पॉलिमर काय बनवणार? आपण ते पत्र गुपचूप मागे घेऊ. गैरसमज झाला म्हणू."

"मग मिलिंदच्या नावावर शंका तशीच राहील, साहेब. पत्र मागे घेतलं तरी."

"आणि तुमचं नाव? ह्या एमआयडीसीत तुमच्या सर्टिफिकेटवर लोक डोळे झाकून माल उचलतात. ते गेलं की परत येत नाही."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. खरंच माहीत होतं. माझ्याकडे त्याच्याशिवाय आहे काय? लग्न केलं नाही, घर भाड्याचं. माझं नाव म्हणजे ती सहीच.

साहेब म्हणाले, "विचार करा. शुक्रवारपर्यंत."

मी म्हटलं विचार झाला. सोबत माझं निवेदन जोडते आहे, तारखेसह, वेळेसह, कॅन कुठून आणले त्याच्यासह, शेठने बजावलं होतं त्याच्यासह. मूळ प्रत तुमच्या चौकशीच्या साहेबांना आजच स्पीड पोस्टने गेली. ही तुला.

माफी मागत नाही. मला ती नीट मागता येत नाही, आणि तू 'असू दे ताई' म्हणून टाकशील ते मला नको आहे.

ताई

❖

१८ मे २०२५

प्रिय मिलिंद,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र नाही. बरोबर आहे, चौकशी चालू असताना तू मला लिहिणं योग्य नव्हतं. एवढं तरी मला आता कळतं.

परवा माझी साक्ष झाली, कॉम्प्युटरवर. कर्णिक साहेबांच्या केबिनमध्येच बसले, दार उघडं ठेवून. साहेब स्वतः बाहेर प्रीतीच्या टेबलाजवळ उभे होते. मी पांढरी साडी नेसले होते. चार दिवसांपूर्वीच्या बुद्ध पौर्णिमेची, इस्त्री अजून मोडली नव्हती. सकाळी निघताना आई विहारातल्यासारखं पंचशील म्हणत होती. चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही त्याला, तिचा आवाज जरा वर गेला. तिला मी काही सांगितलं नव्हतं. पण आई आहे ती.

पडद्यावर तीन जण. मधले चौकशीचे साहेब मराठीच निघाले, नागपूरकडचे, माझं निवेदन हातात धरून. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, तुमचा भाऊ तुमच्याशी वर्षभर बोलत नव्हता, हे खरं?"

"नाही साहेब. तो फोन करत होता. मी उचलत नव्हते."

"कधीपासून?"

"रिपोर्टच्या दिवसापासून. संध्याकाळी साडेसातपासून. त्याआधी आमच्यात भांडण नव्हतं. जानेवारीच्या पत्रात जे लिहिलंय ते खोटं आहे आणि त्यावर माझी सही आहे."

त्यांनी लिहून घेतलं. मग कॅनचं सगळं विचारलं. मी सांगितलं. एक तरुण अधिकारी मध्येच म्हणाला, "म्हणजे सत्तावीस वर्षांचा अनुभव असून तुम्हाला कॅनचा संशय आला नाही?" मी म्हटलं, "सत्तावीस वर्षांचा अनुभव होता म्हणूनच आला नाही. नवी पोरगी असती तर तिने कुणाला तरी विचारलं असतं." तो हसला नाही, पण मान हलवली.

शेवटी मधल्या साहेबांनी चष्मा काढला. "एक शेवटचं विचारतो. श्री. ओव्हाळांचा निष्कर्ष बरोबर होता?"

"बरोबर होता. माल नापासच होता."

"तुम्ही त्यांच्या जागी असता तर?"

उत्तर बनवून द्यायचं नव्हतं. म्हटलं, "साहेब, परक्याचा माल असता तर मी नापास केला असता. माझ्या भावाचा असता तर केला असता का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. कदाचित परत एकदा लावून बघितला असता, परत एकदा, आकडा गोड होईपर्यंत. त्याने तसं केलं नाही. आधी लिहून दिलं की ही माझी बहीण आहे, मग तपासला, मग नापास लिहिला, आणि त्याच संध्याकाळी फोन करून मला चूक कुठे आहे तेही सांगितलं. त्याला हे काम मी शिकवलं. मला जमलं नसतं ते त्याला जमलं. माझ्या भावाचा मला अभिमान आहे, हे तुमच्या कागदावर लिहून घ्या."

साहेब म्हणाले, ते कागदावर येत नसतं बाई. मी म्हटलं, मग निदान ऐकून ठेवा.

दार उघडंच होतं. बाहेर आले तर प्रीतीचे डोळे लाल, आणि कर्णिक साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मग वळून म्हणाले, "सर्टिफिकेटवरची सही तुमच्याकडून काढून घ्यावी लागेल, यशोधराबाई. त्यांची तशी अट येणारच." मी म्हटलं, प्रीती तयार आहे, मीच तयार केलीय. ते म्हणाले, "तुम्ही मात्र जाऊ नका. छत्तीसचा नुस्खा तुमच्या वहीत आहे." वहीत काय, माझ्या डोक्यात आहे, पण ते त्यांना सांगितलं नाही.

तर आता मी लॅबमध्ये आहे, पण खुर्ची प्रीतीची. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "मॅडम, मी सही कुठे करू?" जिथे मी करायचे तिथेच, मी म्हटलं, फक्त तुझी कर. तिने अगदी सावकाश केली. मी शेजारी उभी राहून पाहिलं. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. दुखलं, पण तेवढं नाही.

लॉट एक्केचाळीस निघाला. छत्तीसचाच नुस्खा, तुझ्या पाण्यात तपासलेला, तुझ्या कॅनमधून थेट. आकडा मी ह्या पत्रात लिहीत नाही, तो तुम्हीच काढायचा. नमुने काल गेले. ट्रक गेटातून सुटला तेव्हा मी गेटवर होते. रामभाऊने मिशीवर ताव दिला. चाळीस माणसांचा हा कारखाना, मिलिंद, उघडपणे चुकला आणि उघडपणे परत उभा राहिला, त्या पाच मोठ्यांच्या रांगेत. तुमच्याकडे तो पास होवो न होवो, मला त्याचा फार गर्व वाटतो, आणि तो मी गिळणार नाही.

तुला परत चाचण्यांवर घेतील, असं नागपूरच्या साहेबांच्या बोलण्यावरून वाटलं. घेतलंच आणि एक्केचाळीस तुझ्यासमोर आला, तर आधी साहेबाला लिहून दे की ही माझी बहीण आहे. मग तपास. खोट असेल तर नापास लिही, हात आखडू नकोस.

आणि त्या संध्याकाळी मला फोन कर. मी उचलेन.

तुझी
ताई